पहिला फुटला नाही

"पहिला टॉर्पेडो फुटलाच नाही," अक्षता म्हणाली आणि हातातल्या लेझरचा तांबडा ठिपका पडद्यावरच्या निळ्या समुद्रावर गोल गोल फिरवू लागली. सांगलीतल्या तिच्या कॉलेजचा हॉल भरलेला होता. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत मुक्ताबाई बसली होती. नातीनंच हट्टानं आणलं होतं. आज्जी, माझा पेपर आहे, आजोबांच्या एकाहत्तरच्या लढाईवर आहे, तू आलीच पाहिजेस. पेपर म्हणजे निबंध, तो उभं राहून वाचायचा असतो, एवढं मुक्ताबाईला कळलं होतं. विषयाचं नाव लांबलचक होतं : दोन विरोधी नौदलांच्या पाणबुड्यांचे टॉर्पेडो आणि त्यांची युद्धातली परिणामकारकता. टॉर्पेडो म्हणजे पाणतीर, हे अक्षतानं सुरुवातीलाच सांगितलं होतं. आता ती म्हणत होती, "आपल्या दोन युद्धनौका पुढंमागं चालल्या होत्या. शत्रूच्या पाणबुडीनं पहिला टॉर्पेडो दुसऱ्या नौकेवर सोडला. तो तिच्या तळाखालून निघून गेला, पण स्फोट झाला नाही. मग दुसरा टॉर्पेडो पहिल्या नौकेवर सोडला. तो फुटला." ठिपका थांबला. त्या ठिपक्याखाली मुक्ताबाईचा नवरा होता. कृष्णात. इंजिनघरातला खलाशी, वय वर्षं तेवीस.

बोट बुडाली, शत्रूनं बुडवली, एवढंच आजवर तिला माहीत होतं. पन्नासच्या वर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कुणी साहेब आले, कुणी पुढारी आले, शाल पांघरून गेले, पण एक पाणतीर आधी सुटला होता आणि तो वाया गेला होता, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या डोक्यात तर नेहमी एकच आवाज होता. धाडकन एकदा, आणि मग पाणी. आता त्या आवाजाच्या आधी एक मुका आवाज निघाला होता. कुणाच्या तरी बोटीखालून काहीतरी सरपटत गेलं होतं आणि काहीच झालं नव्हतं. त्या दुसऱ्या बोटीवरची पोरं परत आली असतील. त्यांना बायका असतील. त्यांतली एखादी तिच्याएवढीच, नवी हळद लागलेली, एखाद्या गावात दारात उभी राहून म्हणाली असेल, माझं कुंकू बळकट. सासू म्हणाली असेल, सून पायगुणाची हाय. मुक्ताबाईच्या कानशिलाशी काहीतरी तडतडायला लागलं. आधी तिला वाटलं, चक्कर येतीय. मग कळलं की ही चक्कर नाही. हा राग आहे.

पडद्यावर तक्ता आला. वेग, पल्ला, डागलेले, लागलेले. शत्रूच्या पाणबुडीच्या नावापुढं डागलेले तीन, लागलेला एक; तिसरा नंतर पुन्हा दुसऱ्या नौकेवर सोडलेला, तोही वाया गेलेला. आपल्या पाणबुड्यांपुढं नुसती आडवी रेघ, कारण त्यांना, अक्षता म्हणाली, खात्रीनं ओळखता येईल असं लक्ष्यच मिळालं नाही. म्हणून मग तुलना पुरी करायला तिनं दुसरं महायुद्ध घेतलं होतं. अमेरिकेच्या पाणबुड्यांचे टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा खोल जायचे, शत्रूच्या बोटीखालून निसटायचे. काही वाटेतच फुटायचे, काही जहाजावर आपटूनही गप्प राहायचे. जपानी टॉर्पेडो मात्र ऑक्सिजनवर चालणारे, जलद, पाण्यावर माग न सोडणारे. "आणि गंमत म्हणजे," अक्षता म्हणाली, "पाणबुड्यांवरचे अधिकारी ओरडून सांगत होते की माल खराब आहे, आणि तिकडं किनाऱ्यावरचं शस्त्रखातं म्हणत होतं, माल चोख आहे, तुमचाच नेम चुकतोय. दीड-पावणेदोन वर्षं सगळं खापर माणसांवर फोडलं गेलं." मुलं हसली. खापर हा शब्द मुक्ताबाईच्या मांडीवर येऊन पडल्यासारखा झाला. ती हसली नाही. तिला वाटलं, यांना गंमत वाटतीय. दीड वर्षाची गंमत. माझ्यावर तर हयातभर फुटतंय.

"तर आपल्या शत्रूच्या बाबतीत," अक्षतानं शेवट केला, "तीनपैकी एक. परिणामकारकता तेहतीस टक्के." टाळ्या पडल्या. प्राध्यापक उठून माईकवर म्हणाले की, स्वतःचे आजोबा या लढाईत गेलेले असूनही अक्षतानं भावनेच्या आहारी न जाता निखळ तुलना केली, आणि त्या वीराच्या पत्नी आज आपल्यात आहेत. सगळ्या माना वळल्या. पुन्हा टाळ्या. मुक्ताबाई उठली. लोकांना वाटलं, नमस्कार करायला उठली, म्हणून टाळ्या वाढल्या. ती खुर्च्यांच्या कडेनं दाराकडं चालायला लागली आणि बाहेरच्या उन्हात आली. तेहतीस टक्के. कृष्णातच्या मिशीला पीळ पडत नव्हता म्हणून तो तूप लावायचा. ते कितव्या टक्क्यात? झोपेत तो तिचा अंगठा मुठीत धरायचा. ते?

अक्षता धावत बाहेर आली. गळ्यात अजून ओळखपत्राची फीत होती. "आज्जी, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"रहिमतपूरला जायचंय मला."

"आत्ता? कुणाकडं?"

"हरणाबाईकडं."

"अगं, बक्षीस समारंभ आहे. मला बहुतेक..."

"तू थांब. मी जाती. गाडी कळती मला."

पण अक्षता थांबली नाही. रिक्षात बसताना तिचा चेहरा रडवेला झाला होता आणि मुक्ताबाईला ते दिसत होतं, तरी तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला नाही. हात ठेवला असता तर राग ओघळून गेला असता, आणि तो आता जायला नको होता. किती वर्षांनी हातात आला होता. इतकी वर्षं तो कुठं होता हेही तिला ठाऊक नव्हतं. हळदीच्या गोदामात असेल. याच सांगलीत, बाजारात, ती तीस वर्षं हळकुंडं निवडत बसली होती. गोल वेगळं, लांब वेगळं, किडकं वेगळं. नाकातोंडात पिवळी धूळ. रात्री भाकरी मोडली तरी तिला हळदीचा वास यायचा. कोपरापर्यंत हात पिवळे. लगीनसराईत व्यापाऱ्याकडं पोत्यांवर पोती जायची, तिच्या हातची हळद कुणाकुणाच्या अंगाला लागायची, आणि ती स्वतः कुठल्याच हळदीला जायची नाही. भावाच्या पोरींच्या हळदीलासुद्धा मागं चुलीपाशी. कुणी जा म्हणत नव्हतं, कुणी नको म्हणत नव्हतं. तिची तीच उठून जायची. शिकवलेलं जनावर जसं वेळ झाली की आपणच गोठ्याकडं वळतं, तशी.

दुपारची पॅसेंजर निम्मी रिकामी होती. खिडकीतून ऊस मागं जात होता. अक्षता गळ्यातली फीत बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "आज्जी, मी चुकीचं बोलले का? मी हा विषय आजोबांसाठीच घेतला होता. मला जाणून घ्यायचं होतं की नेमकं काय झालं."

"तुझं न्हाई चुकलं." थोड्या वेळानं मुक्ताबाईनं विचारलं, "तो पाणतीर माणसं बगून जातो व्हय?"

"नाही. आवाजावर जातो. जहाजाच्या पंख्याचा, इंजिनाचा आवाज पाण्यातून लांबवर जातो. त्याचा माग काढत जातो."

"इंजिनचा."

"हो."

कृष्णात रजेवर आला की त्याला घरात झोप लागत नसे. रात्री गाव चिडीचूप झालं की उठून बसायचा. म्हणायचा, मुक्ते, हितं लय शांत हाय गं, कान दुखत्यात. दिवसा मात्र पिठाच्या गिरणीत जाऊन पोत्यावर डोकं टेकून गाढ झोपायचा, डोक्याशी डिझेलचं इंजिन धडधडत असलं की. गिरणीवाला हसायचा. ज्या गावच्या विहिरीवर त्याच्या बापाला पोहरा टाकू दिला नव्हता, त्या गावचा हा पोरगा, नदीत पोहायला शिकलेला, थेट समुद्रावर गेला होता. त्याला भारी कौतुक होतं त्या पाण्याचं. कुणाच्या बापाचं न्हाई ते, म्हणायचा. लग्न वैशाखात झालं. ती घरात आली तेव्हा सासऱ्यानं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडायला लावले. याच सासऱ्यानं छप्पन साली घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीला सोडले होते. लोक आजही सांगत, हातात म्हसोबा घेऊन माणूस थरथरला नाही. आणि डिसेंबरात तार आली तेव्हा सासूनं छाती बडवत पहिलं वाक्य म्हटलं ते असं : पांढऱ्या पायाची आली गं, माझा वाघ खाल्ला. सासरा भिंतीला टेकून बसला होता. तो काही बोलला नाही. देव सोडले, नवस सोडले, गंडेदोरे सोडले. सुनेचा पाय तेवढा सोडवला नाही.

पावणेदोनशेच्या वर माणसं होती त्या बोटीवर. मुक्ताबाईला हा आकडा आधीपासून माहीत होता, पण आज गाडीत बसल्या बसल्या तिनं तो पहिल्यांदा नीट मांडला. म्हणजे पन्नासएक तरी बायका असतील, शंभर असतील. पंजाबातल्या, केरळातल्या, कुठल्या कुठल्या. त्या सगळ्यांचे पाय एकाच रात्री पांढरे झाले? आणि मागच्या बोटीवरच्यांच्या सगळ्या बायका एकजात लक्ष्मी? आणि पहिला पाणतीर फुटला असता तर? तर त्यांचे पांढरे, आमचे लक्ष्मीचे? एवढा साधा हिशेब. गोदामात हळकुंडं निवडणाऱ्या बाईला जमण्याजोगा. मग आपण तो कधीच का मांडला नाही? इथं आल्यावर राग उलटला आणि तिच्या स्वतःच्याच अंगावर आला. तिनं मानलं होतं. हेच ते. पोटात राजरत्न होता, अक्षताचा बाप, आणि ती रात्री चिमणीच्या उजेडात स्वतःचे तळवे बघत बसायची. कोवळे, भेगा न पडलेले तळवे. घासायची ते, दगडानं.

"हरणाआज्जींकडं काय काम आहे?" अक्षतानं विचारलं.

मग मुक्ताबाईनं सांगितलं. आजवर लेकालाही सांगितलं नव्हतं. हरणाबाई कृष्णातची धाकटी बहीण. दोन वर्षांनी तिचं लग्न ठरलं, रहिमतपूरचं स्थळ. हळदीच्या दिवशी सकाळी मुक्ताबाई परातीत पीठ मळत होती, आणि हरणा स्वतः आली, अंगावर पिवळं लुगडं, आणि म्हणाली, वैनी, तू माळ्याखालच्या खोलीत बस, पाव्हणं जाईस्तवर भाईर येऊ नगंस. ती आत गेली. मागं कडी लागली. बाहेरून. राजरत्न बाहेर राहिला होता, दीड वर्षाचा, अंगावर पिणारा. तो रडायला लागला. बँडवाले वाजवत होते, तरी त्याचं रडणं तिला वेगळं ऐकू येत होतं. दुधानं पदर भिजला. तिनं दार वाजवलं नाही. कुणाला ऐकू गेलं तर अपशकुन व्हायचा म्हणून हात तोंडात घालून बसली. दिवस कलला तेव्हा कुणीतरी दार उघडलं. दुसऱ्याच दिवशी ती पोराला घेऊन सांगलीला भावाकडं आली, ती परत नांदायला गेली नाही.

अक्षता ऐकत होती. तिनं एकदम ओळखपत्राची फीत गळ्यातून काढली आणि पिशवीत कोंबली. "मग इतकी वर्षं त्यांच्याकडं जातेस कशी तू? दिवाळीला फराळ देतेस!"

"जाती. नणंद हाय."

"आणि आज?"

मुक्ताबाई उठून दाराकडं चालली. गाडी रहिमतपूरला थांबली होती.

हरणाबाई ओसरीवर घेवडा निवडत बसली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, गुडघे गेलेले, अंगानं वाळलेली. मालक वारले होते, पोरं पुण्याला. दोघींना बघून तिचं तोंड उजळलं. "या या! वैनी, आज कुनीकडं उगवलीस गं? आनि ह्यी आमची अक्षा न्हवं? किती उंच झाली! बसा, पानी देती."

"पाणी नगं," मुक्ताबाई उभीच राहिली. "वन्सं, मला एक सांगा. कडी कुणी लावली हुती?"

"कसली कडी?"

"तुमच्या हळदीला. माळ्याखालच्या खोलीची."

हरणाबाईचा हात सुपात थांबला. मग ती हसली, म्हाताऱ्या बायका लहान पोरांच्या बोलण्यावर हसतात तशी. "आगं, त्ये कुठलं काढलंस? मला तर याद बी न्हाई. आईनं लावली आसंल. आई जाऊन किती साल झाली. जुनं मढं उकरून काय करायचं?"

"मढं मिळालंच कुटं उकरायला?" मुक्ताबाई म्हणाली. तिचा आवाज चढला. "ही पोर आज सांगत हुती. पाणबुडीनं पैला पाणतीर सोडला त्यो फुटलाच न्हाई. दुसऱ्या बोटीखालनं गेला. मग दुसरा सोडला, त्यो आमच्या बोटीला लागला. ऐकताय न्हवं? पैला फुटला आसता तर तुमचा दादा आला आसता की न्हाई, कुणाला ठावं. यंत्र हुतं त्ये. एक बिघडलेलं, एक चालणारं. त्यात माझा पाय कुटं आला? सांगा. माझा पाय त्या समुद्रात गेला हुता व्हय?"

"वैनी, हळू. शेजारी ऐकत्यात."

"ऐकू द्यात! तवा बँड वाजत हुता, तवा कुणी ऐकलं न्हाई!"

शेजारच्या ओसरीवर खरंच दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. हरणाबाईनं सूप बाजूला सारलं. तिचा चेहरा बदलला. हसू गेलं, आणि त्याखालून दुसराच चेहरा वर आला, सतरा वर्षांच्या पोरीचा, हट्टी, भ्यालेला. "मग काय करायचं हुतं आमी?" ती एकदम ओरडली. "पाकिस्तानला जाऊन भांडायचं हुतं? बंदुका हुत्या आमच्याकडं? दाद्या गेला. मूठभर राख न्हाई, हाड न्हाई, काय न्हाई. आईनं सा म्हैनं न्हाणं सोडलं. आप्पा बोलायचं थांबलं. मला दाद्यानं मुंबैचं रिबीन आणून दिल्यालं, त्ये मी चावून चावून खाल्लं. कुणावर काढायचा राग? समुद्रावर? तो बघितला तरी हुता का कुणी? तू घरात हुतीस. समोर हिंडत हुतीस. पाण्याचा हंडा घिऊन यायचीस, भाकऱ्या करायचीस, जित्ती हुतीस. तू दिसलीस."

मुक्ताबाईला वाटलं, आजवर सासरच्या माणसांनी तिला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. माफी नव्हती ती. उलट भांडण होतं. पण खरं होतं. एवढं मोठं दुःख, आणि त्याला जायला गावातल्या एका घरातली एकोणीस वर्षांची पोरगी तेवढी सापडली, कारण ती हालत होती, बोलत होती, बांगड्या फोडल्यावरही तिच्या चालण्याचा आवाज येत होता. हे कळलं म्हणून राग कमी होईल असं तिला वाटलं होतं. झाला नाही. उलट आता त्याला दार सापडलं.

"मी बी घरातच हुते, हरणे," ती म्हणाली. वन्सं गेलं, तुमी गेलं. "माझा बी नवरा मेला हुता. मी कुणावर काढायचा?"

हरणाबाईनं मान वर केली. एक डोळा निवळ, एक धुरकट. "काढ की मग माझ्यावर," ती म्हणाली. "आलीयास तर काढ. मीच लावली हुती कडी. याद हाय मला. काढ."

आणि मुक्ताबाईनं काढला. आधी शब्द येईनात, आणि मग एकदा आले ते थांबेनात. सासूला शिव्या घातल्या, सासऱ्याला घातल्या, त्याच्या नदीत सोडलेल्या देवांना घातल्या. तार घेऊन आलेल्या माणसाला, शाल पांघरणाऱ्यांना, किनाऱ्यावर बसून माल चोख आहे म्हणणाऱ्या साहेबांना, मग ते कुठल्या का देशाचे असेनात. ज्यानं पाणतीर बनवला त्याला, ज्यानं सोडला त्याला, आणि जो फुटला नाही तो ज्याच्या हातचा होता त्यालासुद्धा. हळदीच्या व्यापाऱ्याला. राजरत्न रडत असताना त्याला कडेवर घेऊन हळदीच्या मांडवात फिरवणाऱ्या बायकांना, एकेकीचं नाव घेऊन, ज्यांतल्या निम्म्या मेल्या होत्या. हरणाबाईला ती रांड म्हणाली, कैदाशीण म्हणाली, लेकराच्या तोंडचं दूध तोडणारी म्हणाली. शेवटी कृष्णातलाही म्हणाली. मला म्हणलास की हितं लय शांत हाय, आणि गेलास, आणि मला हितंच ठिऊन गेलास. अक्षता खांबाला धरून उभी होती. ती मधे पडली नाही. शेजारच्या दोघींतली एक डोळ्याला पदर लावून आत गेली, दुसरी तिथंच पायरीवर बसली. हरणाबाई मान खाली घालून ऐकत होती. एकदाही तिनं हात जोडले नाहीत, कान झाकले नाहीत.

मुक्ताबाईचा श्वास संपला. ओसरीवर उन्हाची तिरीप भिंतीवर चढली होती आणि कुणाच्या तरी घरात टीव्हीवर जाहिरात लागली होती.

"आजून हाय?" हरणाबाईनं विचारलं.

"लय हाय," मुक्ताबाई म्हणाली.

"मग खाली बस." हरणाबाई भिंतीला हात टेकत, कण्हत, उठली. "चा टाकती. पिऊन घे, मग फुडचं बोल."

मुक्ताबाई बसली.